श्रुतीची दहावी आणि तुझं घर

वैशू, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली न उघडली तोच तुझा फोन आला. "ताई, बोर्डाला साडेतीन महिनेच राहिले गं, श्रुतीला आता कुठला क्लास लावू?" क्लासचं आधी उरकून टाकते. नवा काहीच लावू नकोस, आहे तो पुरे. जानेवारीत आपल्या भिवंडीत कल्याण नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत 'क्रॅश कोर्स'चे बोर्ड लागतील. पोरगी तिथं जाऊन नव्या सरांच्या नव्या नोट्स उतरवत बसेल आणि जुन्या वह्या उघडायच्याच राहतील. ते पैसे बाजूला ठेव, अकरावीला लागतील. नवं गाईडही नको. पुस्तक फाटलं असेल तर बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं फुकट मिळतात.

मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच. इतकी वर्षं दहावीच्या वर्गांना शिकवतेय, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. दुसऱ्या सत्रात आईबापांनी अभ्यासात लुडबुड करायची नाही, घर सांभाळायचं. घर म्हणजे घरातला आवाज, घरातली झोप, येणारेजाणारे आणि आपलं तोंड. यातलं काहीही श्रुतीच्या हातात नाही. ते तुझ्या, सुनीलरावांच्या आणि सासूबाईंच्या हातात आहे. बीजगणित तिचं ती बघेल.

आधी महिन्यांचा हिशेब डोक्यात नीट बसव. मार्च उजाडला की दहावी, हे आपल्या वेळचं झालं. 2025 ची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली होती. 2026 ची 20 फेब्रुवारीला सुरू होऊन 18 मार्चला संपेल. त्याआधी फेब्रुवारी लागला की तोंडी आणि प्रात्यक्षिकं. त्याच्याही आधी डिसेंबर-जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा, म्हणजे आपली प्रिलिम. तेव्हा नवं काही शिकायला आता जेमतेम महिना-दीड महिना आहे, पुढचा सगळा काळ सरावाचा. दर रविवारी माहेरी, कुणाकडे बारसं, कुणाकडे सत्यनारायण, असे दिवस यातून वजा करत गेलीस तर हातात काय उरतं ते तूच मोज.

आता आवाजाचं. तुझं घर कामतघरला, भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. तू नेहमी म्हणतेस, या खडखडाटात पोरं अभ्यास कशी करणार? माझं ऐक, मागाच्या आवाजाची इतकी काळजी करू नकोस. कारखान्याच्या आत उभं राहणाऱ्यांचे कान जातात, ते खरंच आहे. पण भिंतीपलीकडून येणारा, एका लयीत चालणारा आवाज तिच्या डोक्याला सवयीचा झालाय, ती त्यात लहानपणापासून झोपलीय. अभ्यास मोडतो तो माणसाच्या बोलण्याने. शब्द कानावर पडले की डोकं आपोआप त्यांचा अर्थ लावायला जातं आणि वाचत असलेली ओळ हातची सुटते. टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण चालू आहे, तू फोनवर वन्संशी बोलतेयस, धाकटा ओम रील बघून हसतोय आणि ती दोन फुटांवर भूमिती करतेय, हे जमत नाही. कुणालाच जमणार नाही.

सासूबाईंच्या मालिका बंद कर असं मी म्हणणार नाही. तसं केलंस तर घरात वेगळीच मालिका सुरू होईल! त्यांच्याशी बोलून घे. त्यांची जी अगदी सोडवत नाही ती एक मालिका ठरवा आणि त्याच वेळेला श्रुतीचं जेवण नि तिचा मोकळा वेळ बसवा. तिनेही आजीजवळ बसून बघावी हवं तर. बाकीच्या मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत असताना मोबाइलवर लावून द्या. म्हातारी माणसं ऐकतात गं, त्यांना मान देऊन विचारलं तर. "आई, नातीच्या दहावीसाठी तुमची मदत पाहिजे" असं म्हणून बघ.

सुनीलरावांची माणकोलीच्या गोडाऊनला पाळी बदलती असते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपतात, म्हणजे दिवसाही घर गप्प हवं. त्यांचा पाळ्यांचा कागद भिंतीवर लाव आणि त्याच्याशेजारी श्रुतीचं वेळापत्रक. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री घर मोकळं असतं, तेव्हा तीन तासांचे सराव पेपर ठेवायचे. दिवसपाळीच्या आठवड्यात ते थकून येतात, त्यांना बोलावंसं वाटतं, तेव्हा पाठांतर नि वाचन. एका खोलीत असंच जमवावं लागतं. शाळा सुटल्यावर वर्ग अभ्यासाला उघडे ठेवतात का, तेही मुख्याध्यापकांना विचार. पालकांनी मागितल्याशिवाय पुष्कळ गोष्टी होत नाहीत.

आणि हळदी! तुळशीचं लग्न लागलं की आपल्या आगरी पट्ट्यात एका रात्रीत चार-चार हळदी. मांडव, मटण, डीजे, आणि पोरं पहाटेपर्यंत नाचणार. मलाही हळद आवडते, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि त्याच आठवड्यात श्रुतीची प्रात्यक्षिकं. लग्नाला दोन तास जाऊन यायला हरकत नाही. हळदीची रात्र मात्र एकटी येत नाही, दुसऱ्या दिवसाची झोप आणि तिसऱ्या दिवसाचा कंटाळा घेऊन येते. शेजारची हळद असेल तर त्या रात्री श्रुतीला माझ्याकडे पाठव. रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, 2000 सालापासूनचा नियम आहे तो. पण गल्लीत भांडण काढण्यापेक्षा मांडवाच्या आदल्या दिवशी यजमानीणबाईंना जाऊन सांगितलेलं बरं, की बाई, घरात दहावी आहे. बहुतेक घरांत दहावीचं नाव काढलं की आवाज थोडा तरी उतरतो. त्यांच्याही घरी कधीतरी दहावी झालेली असते.

रमजानही यंदा परीक्षेच्याच दिवसांत येतोय. चंद्र दिसला की 19 फेब्रुवारीच्या सुमारास रोजे सुरू होतील, म्हणजे जवळजवळ सगळी परीक्षा रोज्यात. श्रुतीच्या बाकावर बसणारी तिची मैत्रीण रोजे धरणारी आहे. तिच्या अम्मीला मी भेटले तेव्हा एवढंच सांगितलं, पेपर अकराला असतो, सेहरीनंतर पोरीला दीड-दोन तास झोपू द्या, आणि सेहरीत तळलेल्यापेक्षा पाणी, फळं, दूध जास्त ठेवा. त्या घरात आधीच ठरलं होतं की त्या महिन्यात पोरीला इफ्तारच्या कामाला लावायचं नाही. मला फार बरं वाटलं.

यावरून आठवलं, श्रुती घरात किती काम करते गं? रागावू नकोस. सकाळचं पाणी तीच भरते, ओमचा डबा तीच करते, भांडी तिचीच. ओमला मात्र ताट उचलायचं माहीत नाही. आमच्या शाळेत दुसऱ्या सत्रात मुलींच्या वह्या अर्धवट असतात त्या आळसाने नाही, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळतं. कुणाच्या घरी कांड्या भरायचं काम, कुणाकडे धाकटं भावंड. मार्चपर्यंत श्रुतीचं एकच काम ठेव, स्वतःचं अंथरूण. बाकी तुमच्या चौघांत वाटा. ओम आठवीत आहे, भांडी घासता येतात त्याला.

झोपेत अजिबात तडजोड करू नकोस. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात झोप उशिरा येते, त्यामुळे पहाटे चारला उठवण्याचा आपल्या आईचा हट्ट तू पुढे चालवू नकोस. आई आपल्याला उठवायची नि आपण पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचो, आठवतं ना? दिवसभर वाचलेलं डोक्यात घट्ट बसतं ते झोपेत. दहाला दिवा बंद, सहाला जाग, हे आतापासून लाव म्हणजे फेब्रुवारीत वेगळं काही करावं लागणार नाही. मोबाइल रात्री तुझ्या उशाशी. पण मग तुझाही मोबाइल तिच्यासमोर कमी दिसला पाहिजे. आई रील बघत बसलीय आणि पोरीला म्हणतेय पुस्तक घे, हे पोरांना लगेच कळतं.

खाण्याचं फार लांबवत नाही. बदाम, ब्राह्मी, बुद्धिवर्धक पावडर यांवर पैसे घालवू नकोस. डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडं, गूळ-शेंगदाणे, वेळेवर. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती श्रुती खाते की दप्तरात टाकते ते विचार. या वयातल्या पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असतं आणि मग 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून बोलणी खातात. पाळी पेपरच्या दिवसांत येईल असं दिसत असेल तर पिशवीत सगळं आधीच भरून ठेव. गोळी घेऊन पाळी पुढे ढकलायचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस.

आता तू विचारशील, मग अभ्यासात मी काहीच करायचं नाही का? करायचं, पण शिकवायचं नाही. तुला गणित येत नाही हे फार चांगलं आहे! खरंच सांगतेय. श्रुतीला म्हण, मला समजावून सांग. तिने धडा मिटून तुला सांगायचा, तू पुस्तक हातात धरून बघायचं, कुठे अडली ते पेन्सिलीने खूण करायची. एवढंच. मुलं धडा चार वेळा वाचतात आणि त्यांना वाटतं सगळं आलं. तसं होत नाही. बीम मागावर चढवला म्हणून कापड विणून होत नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. आपल्याला परीक्षा पाच मिनिटांनी द्यायची नाहीये.

दुसरं काम घड्याळाचं. गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित 40 गुणांचं आणि भूमिती 40 गुणांची, प्रत्येकी दोन तास. विज्ञानही तसंच, भाग 1 आणि भाग 2. भाषेच्या कृतिपत्रिका 80 गुणांच्या, तीन तास. 2023 पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. जुना पेपर समोर ठेव, घड्याळ लाव, आणि तेवढा वेळ कुणालाही तिच्याशी बोलू देऊ नकोस. पाणीसुद्धा तिचं ती घेईल. तीन तास सलग लिहायची सवय हाताला लागते की नाही, हे पाहणं घरातच होऊ शकतं. वर्गात 35 मिनिटांच्या तासात आम्हाला ते जमत नाही.

प्रिलिमचे पेपर घरी येतील तेव्हा मात्र सांभाळ. पहिली नजर गुणांवर जाईल, ती जाऊ दे, पण तोंड उघडू नकोस. चहा कर. मग दोघी बसा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तिलाच लिहायला सांग: आलंच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की वेळच उरला नाही. तिन्हींवर औषध वेगळं आहे. आलंच नव्हतं तर धडा पुन्हा. घाई झाली तर रोज दोन उदाहरणं सावकाश, पायऱ्या मांडून. वेळ पुरला नसेल तर आधी कुठला प्रश्न घ्यायचा ते ठरवणं. प्रिलिमचे पेपर काही शाळा मुद्दाम अवघड काढतात आणि कडक तपासतात, आम्हीही काढतो, तेव्हा त्या आकड्यावरून बोर्डाचा आकडा ठरवू नका. बोर्डाच्या निकालात सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरून टक्के निघतात, हेही श्रुतीला माहीत असू दे. एखाद्या विषयाची धास्ती त्याने जरा हलकी होते.

अंतर्गत 20 गुणांकडे घरं दुर्लक्ष करतात. भाषेची तोंडी, गणिताचा गृहपाठ, विज्ञानाची प्रयोगवही. 2018 ला दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल 95.30. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, तोही भाग त्यात आहे, पण 20 गुणांचं वजन तुला कळलं असेल. प्रयोगवही पूर्ण आहे का, सही झालीय का, एवढं डिसेंबरात बघ. आणि श्रुतीने इंटरमिजिएट चित्रकला दिली होती ना, ब श्रेणी मिळाली होती? त्याचे 5 गुण मिळतात, अ श्रेणीला 7, क ला 3. पण शाळेने बोर्डाकडे वेळेत प्रस्ताव पाठवला तरच. प्रमाणपत्राची झेरॉक्स दिलीस का शाळेत? नसेल तर उद्या दे.

आता तोंडाचं. सुनीलराव वाईट नाहीत, पण त्यांचं ते वाक्य मला फोनवरही ऐकू येतं, "नापास झालीस तर लग्न लावून देईन." ते हसत म्हणतात. श्रुती हसत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींना विचार, अशा थट्टा त्यांना शब्दन्‌शब्द पाठ असतात. तसंच "तुझ्यासाठी मी दोन-दोन पाळ्या करतोय." खरं आहे, करतात. पण पोरीने त्याचं काय करायचं? त्या उपकाराच्या ओझ्याखाली तिला प्रमेय आठवणार आहे का? बापाने हे बोलायचं नाही, त्यापेक्षा एक काम अंगावर घ्यावं. संध्याकाळी क्लास सुटल्यावर तिला घ्यायला जावं. धामणकर नाक्यावरून चालत येताना पोरगी जे बोलेल ते ऐकावं, अभ्यासाचं विचारू नये. घरात जे बोलता येत नाही ते मुलं रस्त्यात बोलतात.

नातेवाईक विचारणारच, "किती टक्के पडतील?" उत्तर तू दे, तिला देऊ देऊ नकोस. "बघू, करतेय मनापासून," म्हण आणि चहा पुढे कर. शेजारच्या मुलीचे 92 टक्के हा विषय आपल्या घरात मार्च संपेपर्यंत नको. कौतुक करायचं तर आकड्याचं नाही, केलेल्या कामाचं कर. आज तीन तास बसून पेपर लिहिलास, भूमितीच्या आकृत्या नीट काढल्यास, असं. आणि रोज नको, खोटं वाटतं.

ओमकडेही बघ. आठवीत आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर पुनर्परीक्षा. आपल्या राज्यात 2023 ला नियम बदलला. ओमची एक गोष्ट मला खटकते. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, लिहायला दिलं की अक्षरं उलटीसुलटी, ओळी गाळलेल्या. तो आळशी आहे असं तुम्ही धरून चाललायत. त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घे. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत ती होते. दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लागला तर लेखनिक अशा सवलती मिळतात. पण तपासण्यांना महिने जातात, दहावीच्या डिसेंबरात धावून उपयोग नसतो. आत्ता सुरुवात कर.

प्रवेशपत्र शाळेतून मिळालं की त्यावरचं नाव, तुझं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम सगळं तिथल्या तिथे वाच. परीक्षा केंद्र तिच्या शाळेत नसण्याचीच शक्यता जास्त. पेपर अकराचा असला तरी साडेदहाला आत हजर व्हायचं असतं. आपल्या रस्त्यांचं तुला सांगायला नको. मेट्रोचं काम, खड्डे, ट्रेलर, आणि अंजूरफाट्याला एखादा कंटेनर आडवा झाला की तासभर कुणी हलत नाही. पेपरच्या आधीच्या आठवड्यात एकदा त्याच वेळेला त्याच रस्त्याने जाऊन या. चालत जाण्यासारखं असेल तर चालतच. आणि केंद्राच्या भिंतीबाहेर चिठ्ठ्या घेऊन उभे राहणारे भाऊ-मामा मी पाहिलेत. तुझ्या भाच्यांपैकी कुणी असा शहाणपणा करायला निघाला तर त्याला घरीच बसव. पकडली जाईल ती श्रुती.

पेपर देऊन आली की उत्तरं जुळवत बसू नका. जेवण, झोप, आणि पुढचा विषय. रडली तर रडू दे, गप्प करायची घाई नको.

एक शेवटचं, आणि हे नीट वाच. पोरगी जेवण सोडायला लागली, रात्ररात्र जागी राहू लागली, आवडती मैत्रीण आली तरी बाहेर येईना, किंवा "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशा भाषेत बोलू लागली, तर ती नाटकं करतेय असं म्हणू नकोस. त्याच दिवशी मला फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. परीक्षेच्या काळात बोर्डही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, शाळेत मिळतील. आणि तिला आत्ताच, निकालाच्या दिवशी नाही, सांगून ठेव की एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. हे सांगितल्याने पोरं ढिली पडतात असं सुनीलरावांना वाटेल. इतक्या वर्षांत मी तरी तसं होताना पाहिलं नाही. भीती कमी झालेलं पोर जास्त वेळ टेबलाशी बसतं.

अकरावीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला सुनीलरावांना डिसेंबरातच काढायला लाव. मे महिन्यात सेतू केंद्राबाहेर अख्खी भिवंडी उभी असते. आणि नणंदेला आजच फोन करून टाक, श्रुती लग्नाला येईल, हळदीला येणार नाही. रुसली तर माझं नाव सांग.